डीव्हीडी बनवताना एक्स्पोर्टला रात्र जाते, काय करू?

प्रश्न: आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं दीड तासाचं शूटिंग आहे, फुल एचडी. आधी एमपी४ एक्स्पोर्ट करतो, मग ती फाइल डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. दोन्हीकडे तासन्‌तास जातात. अकरा नातेवाइकांना डिस्क द्यायच्या आहेत, गावाकडे अजून प्लेअरच चालतो. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

प्रतिसाद १: कार्ड घेऊ नका! तुम्ही एन्कोडिंग (व्हिडिओ ठरावीक फॉरमॅटमध्ये बदलणं) दोनदा करताय. डीव्हीडीला एमपीईजी-२ हा व्हिडिओ फॉरमॅट लागतो, एमपी४ नाही. एडिटरमधूनच थेट एमपीईजी-२ काढा: पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२०×५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. मग डीव्हीडीचं सॉफ्टवेअर फक्त मेनू जोडेल. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर एमपीईजी-२ करतच नाही, त्यामुळे कार्डाचे पैसे वाया जातील.

प्रतिसाद २: बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा) ६ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६ मेगाबिट, ठेवा. दीड तास ४.७ जीबीच्या डिस्कवर आरामात बसतो, टू-पासची (व्हिडिओ दोन फेऱ्यांत एन्कोड करण्याची) गरज नाही. आणि एकदाच आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) बनवून अकराही डिस्क त्यावरूनच बर्न करा.

प्रश्नकर्ता: सकाळी लावलं, जेवणाआधी फाइल तयार! मेनूवर आजीचा औक्षणाचा फोटो टाकलाय. मनापासून आभार.