गोल पाइपावरचा थर मोजताना तुमचे अनुभव

शेडनेटसाठी एक इंची जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप) घेतले. दुकानातल्या गेजवर (थराची जाडी मोजायच्या यंत्रावर) जस्ताचा थर ७८ मायक्रॉन, गावच्या फॅब्रिकेटरकडे त्याच पाइपावर ६१. आमच्याकडे काळ्या मातीत पाइपाचं बूड लवकर गंजतं, म्हणून हा फरक सोडून द्यावासा वाटत नाही. ज्यांनी गोलाईवर मोजलंय त्यांनी अनुभव लिहा.

वरूडकडून
माझीही अशीच फसगत झाली होती. जुना मिस्तरी म्हणाला, "भाऊ, मशीन सपाट पत्र्यावर शून्य केली अन् लावली पाइपाले, तं थे जास्तच सांगन." गेज लोखंड चुंबकाने चाचपतं. पाइप प्रोबच्या, म्हणजे गेजच्या टेकवायच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंनी खाली वळतो, लोखंड दूर जातं आणि गेज ते अंतर थरातच धरतं. पाइप जितका बारीक तितका आकडा फुगतो; चार इंचीला फार जाणवत नाही.

तेव्हापासून प्रत्येक व्यासाचा वीतभर काळा (जस्त न लावलेला) पाइप दुकानात ठेवतो. त्यावर शून्य करायचं, मग ५० मायक्रॉन जाडीची पट्टी घट्ट बसवून आकडा जुळतो का पाहायचं, मगच माल मोजायचा. काळ्या तुकड्याचा गंज मात्र आधी घासा, नाहीतर गंजासकट शून्य होतं आणि मालाचा आकडा कमी येतो.

हिंगणघाटजवळून
प्रोब जरा कलला की आकडा पळतो. खाच असलेला प्रोब पाइपावर नीट बसतो. कापलेल्या टोकाजवळ घेऊ नका. मी एका पाइपावर फिरवून पाच-सहा वाचनं घेतो आणि सरासरी धरतो. पाइपाच्या आत उलटं होतं, आकडा कमी येतो.

यवतमाळ जिल्ह्यातून
मी सासूबाईंच्या पितळी गुंडाची कल्हई याच गेजने मोजायला दिली होती. काहीच लागेना. खाली पितळ, त्याला चुंबक धरत नाही. ॲल्युमिनियमवरचा रंग मोजणारं दुसरं गेज मिळतं, पण त्याला वरचा थर वीज न वाहणारा लागतो; कल्हईचं कथिल स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे तेही इथे चालत नाही. कल्हईवाले काका हात फिरवूनच सांगतात.

वर्धा जिल्ह्यातून
वाद मिटवायचा तर तुकडा प्रयोगशाळेत द्या. तो तोलून आम्लात जस्त विरघळवतात आणि पुन्हा तोलतात. जस्ताचा १ मायक्रॉन म्हणजे चौरस मीटरला साधारण ७ ग्रॅम. या पद्धतीत गोलाई आड येत नाही.

धागाकर्ता
दुकानदाराने गेज सपाट पत्र्यावरच शून्य केलं होतं, हे आज विचारल्यावर कळलं. उद्या काळा तुकडा घेऊन पुन्हा जातो, आकडा इथेच लिहीन.