पाजत्या आईने अँटिबायोटिक घेतलं तर दूध बंद करायचं का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
वहिनींचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. त्यांच्या उजव्या छातीत दुखरी गाठ आलीय, वरची कातडी लाल, ताप १०२. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ६२५ आणि पॅरासिटामॉल ६५० दिलंय. घरचे म्हणतात, कोर्स संपेपर्यंत बाळाला वरचं दूध द्या. सर्दीही आहे, दुकानातली साधी गोळी चालेल का?

फार्मासिस्ट, सक्करदरा
ताई, पाजणं अजिबात थांबवू नका. दोन्ही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात. अमॉक्सिसिलिन तर गरज पडली की तान्ह्या बाळांनाही देतात. उलट एकदम पाजणं तोडलं की दूध आत तुंबतं आणि गाठीत पू होऊ शकतो. ६२५ जेवणासोबत घ्यायची, बरं वाटलं तरी कोर्स अर्ध्यात सोडायचा नाही. बाळाची शी थोडी पातळ होऊ शकते. जिभेवर पुसून न निघणारा पांढरा थर दिसला तर दाखवून घ्या.

सर्दीच्या गोळीचं मात्र पाकीट उलटून वाचा. स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) नकोच: ६० मिलिग्रॅमच्या एका डोसानेही दूध सुमारे २४ टक्के घटल्याचं आढळलंय. क्लोरफेनिरामीनने (शिंका, वाहतं नाक थांबवणारं औषध) बाळ पेंगू शकतं. शिवाय अशा बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे ६५० सोबत नकळत दुसरा डोस पोटात जातो. नाकात सलाइनचे थेंब आणि वाफ पुरे.

बालरोगतज्ज्ञ, धरमपेठ
सहमत. दुखणं फार असेल तर आयबुप्रोफेन ४०० खाऊन घेतलेलं चालतं. पण पावसाळ्यातला ताप असेल तर आधी डेंग्यू नाही ना बघा, त्यात ते रक्तस्रावाचा धोका वाढवतं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही तीव्र वेदनाशामकं नको. सिझेरियननंतरची त्या गोळ्यांची उरलेली पट्टी घरात असते आणि "दुखतंय ना, घे" म्हणून तीच दिली जाते. काही बायांच्या यकृतात या औषधांचं फार झपाट्याने जास्त तीव्र द्रव्य बनतं, ते दुधातून गेलं की बाळाचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याविरुद्ध ठळक इशारा दिलाय.

बाळ पाजायला उठत नसेल, दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील किंवा अंग १००.४ च्या वर तापलं, तर वाट न पाहता नागपुरातलं डागा, मेयो किंवा मेडिकल रुग्णालय गाठा.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. दुखऱ्या बाजूनेही पाजायचं का? आणि पाजण्याच्या हिशोबाने गोळीची वेळ सांभाळावी लागेल?

स्तनपान समुपदेशक, प्रतापनगर
हो, दोन्हीकडून, बाळ मागेल तसं. ते दूध बाळाला बाधत नाही. "पूर्ण रिकामं करा" म्हणून पंपाने जादा काढू नका, त्याने दूध आणखी वाढतं आणि सूजही. तेल लावून गाठ रगडणं तर बिलकुल नको. पाजून झालं की कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा. या गोळ्यांना पाजण्याच्या वेळेचं बंधन नाही. बाळ दर दोन तासांनी पितं, घड्याळ किती बघणार? अँटिबायोटिक सुरू होऊन ४८ तासांत ताप उतरला नाही किंवा गाठ तशीच राहिली तर सोनोग्राफी करून घ्या. पू निघाला तरी तो काढून घेतल्यावर बहुतेकींना पाजणं चालू ठेवता येतं.