नार्निया चालतं, मग हॅरी पॉटर का नको?

गोदाकाठची
नाशिकरोडच्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी पुस्तकपेटी काढायचं चाललंय. नार्नियाचे सातही भाग बिनबोभाट पास झाले. हॅरी पॉटरचं नाव निघालं आणि दोन पालक उसळलेच, जादूटोणा पोरांच्या हातात द्यायचा का म्हणून. अहो, नार्नियात चेटकीण आहे, बोलणारे प्राणी आहेत, कांडीने दगड झालेले जीव आहेत. तरी ते चालतं, कारण नार्नियाचा लेखक सी. एस. लुईस आपल्यातला, ख्रिस्ती, आणि अस्लान सिंह म्हणजे ख्रिस्त हे सगळ्यांना पाठ. म्हणजे हरकत जादूला नाहीच, बोध हातात पडला की झालं!

मला तर उलट वाटतं. बोध आधीच दिसायला लागला की गोष्ट मरते. टोल्कीन पक्का कॅथलिक. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मुळातच कॅथलिक कृती आहे, असं त्याने 1953 साली एका जेझुइट मित्राला पत्रात लिहिलं. पुस्तकात मात्र ना चर्च, ना उपदेश. अंगठी नष्ट होते 25 मार्चला, मरीयेला देवदूताने निरोप दिला त्या सणाच्या दिवशी. कळलं त्याला कळलं, नाही त्याचं काही अडत नाही.

संडेस्कूलवाले काका
ताई, लेखक कुठल्या चर्चला जायचा याच्याशी मला कर्तव्य नाही. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं, सगळं एका दमात निषिद्ध आहे. इफिसच्या लोकांनी जादूची पुस्तकं सगळ्यांदेखत जाळली, किंमत चांदीची पन्नास हजार नाणी (प्रेषितांची कृत्ये 19). नार्नियात जादू वाईट बाईच्या हातात आहे, पॉटरमध्ये नायकच शाळेत जाऊन ती शिकतो. आणि एक लक्षात घ्या, आपल्या राज्याला 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. इंग्लंडात जादू ही गंमत असेल. इथे चौकात उतारा टाकलेला दिसला तर अजून लोक वळसा घालून जातात.

गोदाकाठची
काका, कायद्याचा मुद्दा जड आहे, मान्य. पण इफिसला जाळली ती स्वतः वापरायची मंत्रांची पुस्तकं, गोष्टींची नव्हे. आणि 'जादू फक्त वाईट बाईकडे' म्हणता, मग नार्नियाच्याच 'डॉन ट्रेडर' या भागात लूसी जादूगाराच्या पुस्तकातून मंत्र म्हणते आणि त्याच मंत्राने अस्लान दिसायला लागतो, त्याचं काय? उलट हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर काय कोरलंय बघा: शेवटचा शत्रू मृत्यू, तो नष्ट केला जाईल. 1 करिंथ 15:26!

कल्पित कथा बायबलला वर्ज्य असती तर त्यातल्याच 'शास्ते' पुस्तकाचा 9वा अध्याय कुठून आला? झाडं राजा शोधायला निघतात. जैतून नाही म्हणतो, अंजीर नाही म्हणतं, द्राक्षवेल नाही म्हणते, शेवटी काटेरी झुडूप गादीवर बसायला तयार. यात देवाचं नावही जेमतेम येतं.

पंचवटीकर
मी ख्रिस्ती नाही, तरी नाक खुपसतो. तुम्ही सगळे लुईस-टोल्कीनच्या ऑक्सफर्डला का जाऊन बसलात? फादर स्टीफन्सने 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत छापलं. बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चं मराठी रूप 'यात्रिक क्रमण' 1841 चं, आपल्याकडे कादंबरी नीट उभी राहण्याआधीचं. ना. वा. टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. एवढं घरात असताना पेटीत एकही मराठी पुस्तक नाही?

संडेस्कूलवाले काका
ख्रिस्तपुराण आणि ख्रिस्तायन म्हणजे प्रभूचं चरित्र, ओवीत असलं म्हणून कल्पित होत नाही. बनियन मान्य. पण त्याच्या पुस्तकात यात्रेकरू कुठे निघालाय हे पहिल्या पानापासून कळतं. मला तेच हवंय. टोल्कीन वाचून दहा वर्षांचं पोर तलवार घेऊन पळेल, 25 मार्च त्याला कोण सांगणार?

पुस्तकातली उंदीर
मला कांडीपेक्षा नार्नियाचीच धास्ती. शेवटच्या भागात (1956) सगळी भावंडं अस्लानच्या देशात पोचतात, सुझन मागे राहते. तिचा गुन्हा काय? लिपस्टिक, नायलॉनचे मोजे, पार्ट्यांची आमंत्रणं. आणि नार्नियाचे शत्रू कॅलोर्मीन कसे रंगवलेत? सावळे, फेटा बांधणारे, क्रूर देवाला भजणारे. आमच्या घरच्या अल्बममधले निम्मे पुरुष तसेच दिसतात. हे बिनबोभाट पास आणि पॉटर नापास? लुईसचं गद्य मला आवडतं, पण ही पुस्तकं द्यायची तर सोबत बसून द्या.

संडेस्कूलवाले काका
सुझनचं विसरलो नव्हतो, तिने विश्वास सोडला हे खरं कारण. फेट्याचं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. मग नार्नियाचा शेवटचा भागही तूर्त बाजूला ठेवू.

गोदाकाठची
काका, यादी वाढवायला धागा काढला होता मी! तुम्ही सातावरून सहावर आणलीत. रविवारी उपासनेनंतर थांबा, शास्ते 9 आणि डॉन ट्रेडर दोन्ही घेऊन येते.