मदत हवी आहे: बेल सायफन बंदच होत नाही

नमस्कार मंडळी. गच्चीत 100 लिटरच्या टाकीत गप्पी मासे, वर विटांचे तुकडे भरलेल्या टबात पालक-पुदिना, असं घरगुती अ‍ॅक्वापोनिक्स (माशांचं पाणी पंपाने रोपांना देऊन पुन्हा टाकीत सोडायची पद्धत) केलंय. टब भरला की पाणी आपोआप खाली सोडणाऱ्या आणि टब रिकामा झाला की थांबणाऱ्या बेल सायफनची टोपी आणि उभी नळी थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी प्लास्टिकमध्ये छापली. टब भरला की पाणी धो धो उतरतं, पण तळाशी आल्यावर हवा ओढून थांबायचं सोडून सायफन नुसता गुरगुरत राहतो. पंप टाकतो तेवढंच पाणी खाली जातं, टब पुन्हा भरतच नाही. पुदिन्याने मान टाकलीय. पंप मंद केला तर सायफन सुरूच होत नाही!

टोपीच्या खालच्या खाचा वाढवू, की हवेसाठी बाहेरून बारीक नळी जोडू? छापलेल्या थरांतून हवा झिरपू नये म्हणून इपॉक्सी लावलं, तर माशांना चालेल असं कोणतं?