विंडोजचं शेअर्ड फोल्डर लिनक्सवर: एफएसटॅबची खटपट हवीच कशाला?

तिरकी_रेघ: लिनक्सवरून विंडोजचं फोल्डर उघडायचं म्हटलं की जो तो एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे जोडायचं याची यादी असलेली फाइल) ओळ टाकायला सांगतो. घरच्या वापराला याची काही गरज नाही. फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत एसएमबीचा (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल) पत्ता टाका, पासवर्ड द्या, बुकमार्क करा, झालं. रूट (प्रशासकाचे अधिकार) नको, टर्मिनल नको. एफएसटॅबमध्ये पासवर्ड लिहिला तर त्या मशीनवर लॉगिन असलेला कोणीही तो वाचू शकतो, ते वेगळंच.

शेल_बहाद्दर: पासवर्ड तिथे लिहायला सांगितलंय कोणी? नाव-पासवर्डाची वेगळी क्रेडेन्शियल फाइल करायची, मालकी रूटची, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येते. आणि तुमच्या पद्धतीने फोल्डर नुसतं 'दिसतं'. जीनोम डेस्कटॉपमध्ये ते जीव्हीएफएस या त्याच्या फाइल-जोडणीच्या सेवेमार्फत येतं, तुमच्या लॉगिनपुरतंच. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) बॅकअप घ्यायचा तर लॉगिन नसताना ते जागेवरच नसतं. सीआयएफएसने (एसएमबीसाठीचा लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर) माउंट केलेलं, म्हणजे सिस्टीमला जोडलेलं फोल्डर प्रत्येक प्रोग्रामला साध्या डिरेक्टरीसारखं वापरता येतं. फक्त यूआयडी (तुमच्या लिनक्स खात्याचा क्रमांक) द्यायला विसरू नका, नाहीतर सगळ्या फाइली रूटच्या नावावर दिसतात आणि लिहायला गेलं की 'परमिशन डिनाइड'.

तिरकी_रेघ: म्हणजे दोन फोटो कॉपी करायला आधी यूआयडी शिका! समोरचा लॅपटॉप बंद असला की बूट होताना ताटकळायचं, तेही आलंच.

शेल_बहाद्दर: नोफेल (जोडणी झाली नाही तरी बूट पुढे नेणारा पर्याय) आणि सिस्टमडीचं (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) ऑटोमाउंट लावा. फोल्डरला हात लावेपर्यंत माउंट होतच नाही.

जुना_राउटर: तुमचं चालू द्या, पण बहुतेकांची गाडी याच्या आधीच अडते. नेटवर्कच्या यादीत विंडोज मशीन दिसत नाही, की लोक जुना सल्ला शोधून एसएमबी १ ही जुनी आवृत्ती चालू करतात. कृपा करून करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून पसरला. ती यादी जुन्या प्रोटोकॉलच्या भरवशावर होती. थेट आयपी टाकला की एसएमबी ३ वर बिनबोभाट जोडणी होते. आणि विंडोजचा पिन टाकून 'पासवर्ड चुकतोय' म्हणू नका. पिन त्या मशीनपुरताच असतो, इथे खात्याचा पासवर्ड लागतो.

तिरकी_रेघ: हे पटलं. एफएसटॅबचं मात्र अजून नाही. ज्याला बॅकअप लावायचाय त्याने खुशाल लिहावं, नवख्याला पहिला सल्ला तो नको.

शेल_बहाद्दर: नवखा पुढच्या महिन्यात बॅकअपचंच विचारायला येतो.