घरीच स्प्लेंडर उघडायची आहे, पहिले पाने कोणते घेऊ?

मानेवाडा_स्प्लेंडर:
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी स्प्लेंडर आहे, आता मीच चालवतो, नागपुरात मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसी रोजचं जाणंयेणं. मागच्या सर्व्हिसिंगला ऑइल बदललं म्हणून पैसे घेतले अन् घरी येऊन डिपस्टिक काढून पाहिली तर काळंकुट्ट, त्याच दिवशी ठरवलं की ऑइल, प्लग, एअर फिल्टर, चेन एवढं तरी आपल्या हाताने करायचं. ऑनलाइन ते ४६ पीसचं सॉकेट सेट दिसून राहिलं, स्वस्त आहे, तेवढ्यावर भागेल का? की सुटे पाने घेऊ? बजेट दीड-दोन हजार. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना, लागतोच का तेही सांगा.

इतवारीकर:
भाऊ, ते ४६ पीसवालं पहिलं घेऊ नको. त्यातला रॅचेट (सॉकेट लावून फिरवायची दांडी) पाव इंची असतो अन् सॉकेट ४ ते १४ मिलिमीटरपर्यंतच, तुझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट, म्हणजे खालून ऑइल काढायचा बोल्ट, १७ चा, म्हणजे ज्या कामासाठी घेऊन राहिला तेच अडलं. आपल्या या गाड्यांवर बहुतेक ८, १०, १२, १४, १७, १९ एवढेच नंबर लागतात, मोठ्या सेटमधले ११, १३, १५ वर्षानुवर्षं डब्यातच पडून राहतात. म्हणून सुटे घे. ८, १० अन् १२ चे टी पाने, साइड कव्हर अन् टाकीखालचे बोल्ट पटापट निघतात. १४, १७, १९ चे कॉम्बिनेशन पाने, एका टोकाला रिंग असते ते. घट्ट बोल्ट नेहमी रिंगनेच सोडव, फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाच्या बाजूने जोर लावला की नट गोल होतो. प्लगला १६ चा प्लग पाना लागेल, पण आधी साइड कव्हरमागे कंपनीचं टूलकिट आहे का बघ, त्यात तो बहुतेक असतो. मी टापारियाचे वापरतो, नाशिकची कंपनी आहे, आजवर एकही पाना फाकला नाही. इतवारीतल्या लोहाओळीत जा, हातात घेऊन बघता येतं, ऑनलाइन ते कुठे होते.

वर्धा_रोड_३५०:
स्क्रू ड्रायव्हरकडे कोणी लक्षच देत नाही अन् सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. जपानी पद्धतीच्या गाड्यांचे प्लसवाले स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात, साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो अन् डोकं खाऊन टाकतो. माझ्या जुन्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीचे दोन स्क्रू मी असेच खराब केले, मग ड्रिल मारून काढावे लागले, पूर्ण रविवार गेला. जेआयएसचा २ नंबरचा एक चांगला घे, बाकी पाने हळूहळू जमव. अन् अ‍ॅडजस्टेबल पाना गाडीला लावूच नको.

गॅरेजचा_पोरगा:
टॉर्क रेंच आता नको, त्यात अख्खं बजेट जाईल. पण ड्रेन बोल्टवर अंगातला जोर काढू नका. खालचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं अन् बोल्ट लोखंडी, आटे गेले तर केसिंग उतरवायची पाळी येते. आमच्याकडे अशा गाड्या येतात, बहुतेक घरी लांब पाईप लावून कसलेल्या. आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, सरळ बसला की छोट्या पान्याने आवळा, वॉशर दबल्याचं हाताला कळते तिथं थांबा. वॉशर दरवेळी नवा टाका, अगदी थोडक्यात मिळतो. ऑइल काढायच्या आधी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा म्हणजे पातळ होऊन पूर्ण निघते. टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) मात्र थंड इंजिनवरच सेट करा, आपल्याकडे मे महिन्यात सकाळी सहाला, दुपारी लोखंडाला हात लावणं होत नाही. त्याला फट मोजायच्या पातळ पट्ट्या, फिलर गेज, लागते, ते नंतर घ्या. अन् जुनं ऑइल नालीत ओतू नका बाप्पा, डबकीत भरून गॅरेजला द्या, आधीच नाग नदीचे हाल पाहून राहिलो आपण.

मानेवाडा_स्प्लेंडर:
खूप आभार, ते ४६ पीसचं कार्टमधून काढलं. टूलकिटमध्ये प्लग पाना सापडला, गंजलाय पण बसतो. शनिवारी लोहाओळीत जातो. फक्त चेनचं सांगा, कव्हरची रबरी टोपी काढून बोटाने वरखाली करून पाहिलं तर एका जागी ढिली अन् चाक फिरवलं की दुसरीकडे ताठ लागते, कुठे मोजू?

गॅरेजचा_पोरगा:
सेंटर स्टँडवर चाक हळू फिरवत जा अन् जिथं सगळ्यात ताठ तिथं मोज, मॅन्युअलमधलं माप तिथलं धर. ढिल्या जागेवर आवळलं तर ताठ जागी चेन ओढली जाते, बेअरिंग जाते. फरक बोटभर असेल तर चेन अन् दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) सोबतच बदलावे लागतील, फोटो टाक.