धबधब्यावरच्या गोगलगायी सूरसागरात सोडू का?

दांडियाबाजारकर: नमस्कार मंडळी, सुट्टीत महाबळेश्वरला गेलो होतो, तिथे रस्त्यालगतच्या एका धबधब्याच्या ओल्या कातळावरून आमच्या चिरंजीवांनी दहा-बारा गोगलगायी खरवडून बिसलेरीच्या बाटलीत भरल्या आणि मला पत्ता लागला बडोद्याला बॅग उपसताना. मटाराच्या दाण्याहून लहान, तपकिरी. माशांच्या टाकीत टाकल्या तर एकही पाण्यात थांबत नाही, काच चढून थेट झाकणाखाली जाऊन चिकटतात, मी खाली ढकलतो की सकाळी परत वर. चार मेल्या. शेजारच्या बेन म्हणतात गोकळगायच ना ती, सूरसागर तलावात टाकून द्या. टाकू का?

ओला_कातळ: नका टाकू दादा! आणि पहिलं म्हणजे ढकलणं बंद करा, त्यांना बुडून राहायचंच नाहीये. वर्णनावरून क्रेम्नोकॉन्कस वाटतेय, खात्री फोटोवरूनच होईल. सह्याद्रीतल्या धबधब्यांच्या तुषारांनी भिजलेल्या कड्यावर राहते, नावाचा अर्थही कड्यावरचा शंख असाच आहे आणि एका जातीचं नाव तर सह्याद्रेन्सिस. गंमत म्हणजे हिचं बाकी सगळं खानदान समुद्राकाठचं, गोड्या पाण्यात आलेली ही एकटीच, तीही फक्त महाराष्ट्र-कर्नाटकात. २०१३ मध्ये कर्नाटकातून आणखी नव्या जाती नोंदल्या गेल्या. एकेक जात मोजक्याच कड्यांवर असते, त्यामुळे वरून ओढा वळवला किंवा रस्त्यासाठी कडा फोडला की तिथली वस्ती साफ. यातल्या काही आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या यादीत आहेत.

राजमहालरोड: सूरसागरात ती जगणार नाहीच, पण टाकीतलं काहीही तलावात ओतू नये हो. ती छोटी फायसा गोगलगाय, मूळची अमेरिकेची, टाकीतल्या झाडांबरोबर येते, आज भारतात ठिकठिकाणी पसरलीये. आमच्याकडे एक आली होती, महिन्यात शंभर झाल्या, बायकोने टाकीच विकायला काढली 😅

दांडियाबाजारकर: अरे बापरे. मग पुढच्या महिन्यात सासऱ्यांकडे साताऱ्याला जातोय तेव्हा जागेवर नेऊन सोडू?

ओला_कातळ: विचारल्याशिवाय नको. माशांच्या पाण्यात राहिल्यात, काही रोगबिग सोबत गेला तर उरलेल्यांचंही वाटोळं. तिथल्या वनखात्याला विचारा. तोवर उथळ ट्रेमध्ये खडबडीत दगड, क्लोरीन नसलेलं पाणी, दिवसातून चार-पाचदा स्प्रे, आणि ऊन नको, बडोद्याच्या उकाड्यात तर मुळीच नको. दगडावर हिरवा थर असेल तर धुऊ नका, तेच खाणं. आणि एक गोगलगाय उलटी करून बघा, शंखाच्या तोंडाला झाकण आहे का?

दांडियाबाजारकर: आहे! पातळ, नखासारखं, हात लावला की गपकन बंद. सात उरल्यात. चिरंजीव स्प्रेची बाटली घेऊन ट्रेशेजारीच बसलाय. फोटो टाकू का, धबधब्याचं लोकेशनपण देतो.

ओला_कातळ: फोटो इथे टाका. लोकेशन मात्र मला मेसेजमध्ये पाठवा, इथे नको, उद्या कोणीतरी बाटली घेऊन पोचेल.